बांधावरचा ऐन

तुरुंगातून सुटलेली पोरं कामाला ठेवू नका, असं मला पहिल्यांदा सांगितलं ते कोर्टातल्या एका हवालदाराने, माझ्याच खानावळीत बसून, माझाच भात तिसऱ्यांदा मागून घेताना. एक दिवस झोपेत गळा चिरून जातील हो, बाई, म्हणाला. मला कोणी एखादी गोष्ट करू नको म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवरा गेल्यावर खानावळ घालू नको असं दिराने बजावलं होतं, म्हणून तर मी ती घातली होती. हवालदारापुढे ताकाची वाटी आपटली आणि त्याच आठवड्यात एका सुटून आलेल्या पोराला लाकडं फोडायला ठेवून घेतलं. त्यात दया वगैरे काही नव्हती. निव्वळ हट्ट होता. दया नंतर आली, आणि तीसुद्धा रोज यायची असं नाही.

खानावळ महाडच्या कोर्टामागच्या गल्लीत होती. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून तारखेला येणारी माणसं माझ्याकडे जेवत. फिर्यादी एका भिंतीला, आरोपी दुसऱ्या भिंतीला, आणि मधे मी वरणाचा डाव घेऊन. भांडणं जेवणावर उतरायची. एकदा वरणाचं पातेलं उलटून एकाचा पाय भाजला, एकदा पाटाने एकाचं डोकं फुटलं. मी दोन्हीकडच्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि जेवण मात्र पुरं करून जा म्हणून पुन्हा आत घेतलं.

माझ्याकडे आलेले सगळे सुधारले, असं मी म्हणणार नाही. एकजण तांब्याची घागर घेऊन दासगावच्या बंदराकडे जो गेला तो गेलाच. एकाने मीठ जास्त पडलं म्हणून मी बोलले तेव्हा माझ्यावर हात उचलला. मी चुलीतलं लाकूड काढून त्याच्या मनगटावर असं हाणलं की तो पुढे कितीतरी दिवस डाव्या हाताने जेवत होता. तोच पुढे चांगला गाडीवान झाला, आणि घाटातून उतरला की माझ्यासाठी करवंदं आणायचा. माणसाचं काय होईल ते मला कधी आधी कळलं नाही. मला कळायचं ते इतकंच की सुटून आलेला माणूस बंद दारापुढे उभा राहतो. दाराला कडी नसली तरी उभा राहतो. कोणीतरी येऊन उघडेल म्हणून वाट बघतो. मी त्यांना शिव्या घालून दार ढकलायला शिकवायचे.

हा आला तो दिवाळीनंतर. त्याचा खटला चालवलेल्या वकिलांनी पाठवला होता. पंचविशीच्या आतबाहेरचा, ठेंगणा, खांद्याने रुंद, डोकं भादरलेलं. अंगावर घोंगडी आणि कमरेला मागच्या बाजूला आकडी. आमच्याकडच्या डोंगरातला गडी कोयता हातात घेऊन हिंडत नाही, तो कमरेच्या या लाकडी आकडीत मागे अडकवतो आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत तो तिथेच असतो. ह्याची आकडी रिकामी होती. कोयता मुद्देमाल म्हणून कोर्टात राहिला आणि आकडी तेवढी सुटताना परत मिळाली. तो ती रोज सकाळी बांधायचा. मी एकदा विचारलं, रिकामी कशाला बांधतोस रे? म्हणाला, नाय बांधली तर कंबर माजी वाटत नाय.

काम तो दोघांचं करायचा. पाणी, लाकडं, भांडी, भात कांडणं, काहीही सांगा. पण कोयत्याला हात लावायचा नाही. नारळ सोलायला कोयता पुढे ठेवला तर तो तसाच राहू देऊन नारळ पायरीच्या कडेवर आपटत बसला आणि अर्धं पाणी सांडून ठेवलं. मी त्याला वाटेल तसं बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि दुसरा नारळही तसाच आपटला. कुऱ्हाड चालते, कोयता चालत नाही, हा कुठला शहाणपणा, असं मी गल्लीतल्या बायकांना सांगत सुटले.

मग एका तारखेला त्याच्या खोऱ्यातली माणसं जेवायला आली. हा पाणी वाढत होता. त्यातल्या एकाने त्याला ओळखलं आणि तांब्या पायाने लाथाडला. ह्याच्या हाताचं पाणी रक्ताचं असतं म्हणाला, आणि वर ह्याच्या हातून मेलेल्या माणसाचं नाव घेऊन म्हणाला की तो पडल्यावर बकऱ्यासारखा पाय झाडत होता म्हणे, खरं काय रे? ह्याने तांब्या उचलला. मला वाटलं पुसून ठेवील. त्याने तो त्या माणसाच्या तोंडावर हाणला. दात खळकन पाटावर पडले. माणूस मागे कोसळला तसा हा त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. बाकीचे ओढायला लागले तरी सुटेना. मी त्याचा चेहरा बघितला. रागाने माणूस लाल होतो, वाकडातिकडा होतो. ह्याचा चेहरा अगदी स्वस्थ होता, दळण दळत बसल्यासारखा. त्याची मला फार भीती वाटली. मी चुलीतलं जळतं लाकूड त्याच्या पाठीत घातलं. सदरा जळाला, कातडं जळालं, तेव्हा कुठे हात सुटले.

हवालदार आला. तेवढ्यात मी दात पडलेल्याच्या हाताला धरून सांगितलं की तू माझ्या घरात, माझ्या पाण्याला लाथ मारलीस, आता तू फिर्याद दे आणि मीही देते. तो नको म्हणाला. हवालदार मला म्हणाला, बाई, पुढच्या खेपेला मी दुपारी नाही येणार, सकाळी येईन, प्रेत न्यायला. मी त्याला दारातून बाहेर घालवलं, दार लावलं आणि पाटावरचं रक्त पुसायला बसले. त्या दिवशी मला वाटलं की हवालदाराचंच खरं आहे, आणि ह्याला हाकलावं.

दुसऱ्या दिवशी सावित्री नदीवर भांडी घासताना, मी त्याच्या भाजलेल्या पाठीला खोबरेल लावत असताना, तो आपण होऊन बोलला. त्यांच्या वाडीत त्याचं घर आणि शेजारचं घर यांच्या शेताच्या मधल्या बांधावर एक ऐनाचं झाड होतं. डोंगरातल्या माणसाला झाड फळासाठी लागत नाही. उन्हाळ्यात फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, भाताचं बी टाकायच्या जागेवर पसरून जाळायच्या, आणि त्या भाजलेल्या राखेत पाऊस पडायच्या आधी बी पेरायचं. त्याला तरवा भाजणं म्हणतात. फांद्या नाहीत तर राख नाही, राख नाही तर रोप नाही. बांधावरच्या झाडाच्या आपल्या बाजूच्या फांद्या आपल्या, पलीकडच्या त्यांच्या, असं आजोबांपासून चाललेलं. शेजारचा मुलगा ह्याच्याच वयाचा, ह्याच्याबरोबर गुरं राखलेला. त्या साली तो आधी चढला आणि ह्याच्याही बाजूच्या फांद्या तोडून आपल्या शेतात टाकत सुटला. हा खालून ओरडला, तो वरून हसला. हा झाडावर चढला. दोघे फांदीवर समोरासमोर उभे, दोघांच्या हातात कोयते.

"काकी, तो हसत व्हता," म्हणाला. "नुसता हसत व्हता. म्हनून मारला."

वार मांडीत बसला. तो फांदीला धरून जरा वेळ लोंबकळला, मग खाली पडला. रक्त थांबेना. घोंगडीची झोळी करून त्याला पोलादपूरला न्यायला निघाले, आणि झोळीच्या बांबूचं पुढचं टोक ह्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं. कोणाला तेव्हा सुचलं नाही की ह्याला घेऊ देऊ नये. अर्ध्या उतारावर बांबू एकदम जड झाला म्हणे. तसाच तो खांद्यावर घेऊन हा चौकीपर्यंत गेला आणि मीच मारला म्हणून सांगितलं. हे सांगून झाल्यावर त्याने बाजूचं पातेलं ओढून घेतलं आणि घासायला लागला. मी त्याला हाकललं नाही. का नाही हाकललं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला त्याचा राग आला होता आणि मेलेल्याचाही आला होता.

माघात त्याची आई बाजारच्या दिवशी डोक्यावर हिरड्यांची पाटी घेऊन आली. काटकुळी, पायाला भेगा, दाराबाहेरच उकिडवी बसली. गावकीने तिला वाळीत टाकलं होतं. लावणीला कोणी येत नाही, चुलीला विस्तव देत नाहीत, विहिरीवर सगळ्यांचं भरून झाल्यावर जायचं. इतकी वर्षं ती स्वतः पदर खोचून झाडावर चढायची आणि कवळ तोडायची, म्हणजे तरव्यासाठीच्या फांद्या. आता पाय लटपटतात. गेल्या साली अर्ध्यातून पडली. यंदा तरवा भाजला नाही तर शेत पडीक जाणार आणि तिला महाडच्या रस्त्यावर येऊन हात पसरावा लागणार. गावकी शिमग्याला देवळापुढे बसते, वर्षाची सगळी भांडणं तिथे तुटतात. पोराला आणा, उजेडी आणा, कोयता न घेता आणा, असा निरोप पंचांनी दिला होता. आणि मेलेल्याच्या चुलतभावांनी दुसरा निरोप दिला होता, की आणा तर खरं, तोडून टाकतो.

तो जायला तयार होईना. इथेच भांडी घाशीन म्हणाला. मी म्हटलं, माझी भांडी घासायला मला कोणीही मिळेल, तिच्या झाडावर कोण चढणार? तू नाहीस चढलास तर ती चढेल आणि या वेळी नीट पडेल. त्याच्या आईसमोर हे बोलले. तो रडला नाही, मला मारायला उठला. हात वर झाला आणि तिथेच राहिला. मी म्हटलं, चल, मी येते बरोबर. गावकीत बायांना उभं करत नाहीत असं त्याची आई घाबरत म्हणाली, आणि मग तर मला जाणं भागच पडलं.

पोलादपूरपर्यंत गाडी, पुढे चढण. तो पुढे, मी मधे, आई मागे. त्याने हातात काठीसुद्धा घेतली नव्हती. वाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ढोल वाजत होते आणि होळीच्या राखेचा वास सुटला होता. पहिला दगड माझ्या पायाजवळ पडला. दुसरा त्याच्या भुवईवर बसला आणि एक डोळा रक्ताने भरला. तो पळाला नाही. त्याने दोन्ही हात मागे नेले आणि मनगट धरून चालत राहिला. तुरुंगात मोजणीला उभं राहताना हात असे ठेवायची सवय, ती मला ओळखीची होती. दगड येत राहिले. एक कानाला लागला, एक छातीवर. मी माझ्या तोंडात येतील तेवढ्या शिव्या दिल्या, आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या, कोर्टामागच्या गल्लीत पुष्कळ ऐकायला मिळतात. दगड थांबले ते बहुधा त्यामुळेच. बाईच्या तोंडून असलं ऐकून ती माणसं बघतच राहिली.

देवळापुढच्या चौथऱ्यावर पालखी होती आणि तिच्यासमोर पंच. त्याला मातीत बसवलं. चुलतभाऊ चौघेजण, चौघांच्या कमरेला कोयते, एकजण सारखा मुठीला हात लावून बघत होता. बोलणं पुष्कळ झालं. शेवटी पंचांतला मोठा म्हणाला की याला गावात राहू द्या, पण याने जन्मात कोयता धरायचा नाही, आकडी आत्ता सोडून देवापुढे ठेवावी. चुलतभावांनी लगेच माना हलवल्या. त्या का हलवल्या ते मला उमगलं. डोंगरात कोयत्याशिवाय माणूस फांदी तोडू शकत नाही, काटा काढू शकत नाही, जनावर आलं तर उभा राहू शकत नाही. राहा म्हणायचं आणि जगू द्यायचं नाही, असला निवाडा होता. मी बायकांतून ओरडले की मग तरवा काय दातांनी तोडू का त्याने? मला चार जणांनी गप्प केलं. तो आकडीची दोरी सोडायला लागला. त्याच्या आईने तोंडात पदर कोंबला. मला वाटलं संपलं, आता हा परत माझ्याकडे येणार आणि ही म्हातारी एकटी मरणार. इतका संताप मला नवऱ्याच्या मरणानेही आला नव्हता.

तेवढ्यात बायकांतून एक उंच म्हातारी पुढे गेली. मेलेल्याची आई. तिच्या हातात भात झोडायचा दांडा होता. पंच काही बोलायच्या आत तिने तो त्याच्या खांद्यावर घातला. मग मानेवर, पाठीवर, माझ्याच लाकडाने भाजलेल्या जागेवर. ती ओरडत नव्हती. भात झोडावं तशी मारत होती, दम घेऊन, दांडा पुन्हा नीट धरून. तो गुडघ्यांवर आला. हात त्याने पुन्हा मागे नेले आणि मनगट धरून ठेवलं. डोकं फुटलं, नाकातून रक्त मातीत ठिबकू लागलं. मी धावले तर त्याच्या आईने मला मागून मिठी घातली आणि सोडेना. मी तिला चावले तरी सोडेना. तिचा लेक डोळ्यांपुढे मार खात होता आणि ती मला धरून उभी होती. म्हणाली, "मारूं दे गो बाय. मारूं दे तिला."

दांडा मोडला तेव्हा ती थांबली. अर्धा तुकडा हातात तसाच घेऊन घरात गेली आणि बाहेर आली ती कोयता घेऊन. चुलतभाऊ बाजूला सरकले. त्यांना वाटलं, मलाही वाटलं, की आता ती याचा गळा कापणार आणि कोणीही तिला अडवणार नाही. कोयता गंजलेला होता. तिच्या मुलाचा होता, त्या दिवशी झाडावर त्याच्या हातात होता तो. तिने तो ह्याच्या पुढ्यात मातीत टाकला.

"ऊठ," म्हणाली. "झाडावर चढ."

पंच म्हणाले, म्हातारे, निवाडा झालाय. ती त्यांच्याकडे वळली. "माजा लेक ह्यानं खाल्लान. तरवा भाजायला माज्या घरात कोन हाय? इतक्या वर्सांत तुमच्यातला एकतरी आला काय कवळ तोडायला? ह्यो तोडील. माज्या मरनापातूर तोडील."

पंचांतल्या मोठ्याने पालखीकडे बघितलं आणि खाली मान घातली. तो उठला, दोनदा पडून उठला. कोयता उचलला. इतके महिने मी त्याला कोयत्याला हात लावताना पाहिलं नव्हतं. त्याने तो मागे आकडीत अडकवला, आणि लाकडाला लोखंड लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सगळा गाव बांधापर्यंत मागोमाग गेला. त्या डोंगरातली झाडं दरवर्षी तोडून तोडून खांबांसारखी झालेली असतात, अंगाला नुसत्या गाठी. त्या एका ऐनाला मात्र माणसाचं रक्त पडल्यापासून कोणी शिवलं नव्हतं. चहूबाजूंनी फांद्या सुटल्या होत्या, खाली सावली पडली होती. इतकं दाट झाड मी त्या सबंध वाटेत पाहिलं नव्हतं. तो चढला. रक्ताचे हात खोडाला पुसले जात होते. चुलतभाऊ खाली उभे होते, हातात अजून दगड होते. मेलेल्याची म्हातारी आई मात्र तो ज्या फांदीवर होता तिच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली, आणि तिला लागेल म्हणून कोणाला दगड मारता येईना. ती मुद्दाम तिथे उभी राहिली की फांद्या गोळा करायला, ते मी सांगू शकत नाही.

गावात अजून म्हणतात की तिने त्याला माफ केलं. मी म्हणते, नाही केलं. त्यानंतर ती जिवंत होती तितकी वर्षं तो तिच्या सगळ्या झाडांची कवळ तोडायचा, तरवा भाजायचा, नांगर धरायचा, आणि ती त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही, त्याच्या हातचं पाणी प्यायची नाही. पण त्या शिमग्यानंतर त्याच्या आईच्या दारात पालखी आली, चुलीला विस्तव मिळाला, लावणीला हात मिळाले. माझ्याकडे तो परत भांडी घासायला आला नाही. महाडला आला की दार ढकलून आत यायचा.

त्या दिवशी मी बांधावर त्याच्या आईशेजारी उभी होते. तिच्या हातावर माझ्या दातांचे वळ दिसत होते. वरून फांद्या पडत होत्या. सगळ्याच तो पलीकडे, म्हातारीच्या शेतात टाकत होता, दोन्ही बाजूंच्या. म्हातारीने वेल घेऊन पहिला भारा बांधला, उचलला, आणि बांधावरून अलीकडे, ह्यांच्या शेतात भिरकावला. मग मान वर करून म्हणाली,

"ह्याच्यासाठीच ना रे? घे."

वर कोयता थांबला. झाडातून गुरासारखा हंबरडा आला, आणि सगळा गाव जागच्या जागी उभा राहिला. चुलतभावांच्या हातातले दगड खाली पडले. म्हातारीने वर बघितलंसुद्धा नाही. "हात चालव," म्हणाली, "दिस कलतोय." थोड्या वेळाने कोयता पुन्हा चालू झाला. दुसरा भारा तिने आपल्याकडे ठेवला, तिसरा पुन्हा बांधावरून अलीकडे टाकला. झाड बोडकं होईपर्यंत ती एक भारा इकडे आणि एक तिकडे टाकत राहिली, आणि वाटणीत तिची एकदाही चूक झाली नाही.